बाबा म्हणतात ट्रस्ट करू. पण ट्रस्टी कोण?

शेवंती:

नमस्कार मंडळी. विषय घरातला आहे, म्हणून नावगाव देत नाही.

बाबा ७८ वर्षांचे. आई चार वर्षांपूर्वी गेली. आम्ही दोनच भावंडं. धाकटा भाऊ ४१ वर्षांचा, पण समज सात-आठ वर्षांच्या मुलाची. आंघोळ, जेवण, कपडे त्याचं तो करतो. भिंतीवरच्या जुन्या घड्याळाला रोज रात्री न चुकता किल्ली देतो, वेळ मात्र सांगता येत नाही. पैशाचा व्यवहार त्याला कधी जमणार नाही, हे आम्ही केव्हाच स्वीकारलंय.

बाबांच्या नावावर राहतं घर, भाड्याने दिलेला एक गाळा, मुदत ठेवी आणि थोडे शेअर आहेत. त्यांच्या मित्राने सांगितलं, "ट्रस्ट करून टाक. ट्रस्टमधल्या मालमत्तेला कुणी हात लावू शकत नाही, कर लागत नाही आणि सही शेवटपर्यंत तुझीच चालते." तेव्हापासून बाबा खुशीत आहेत. मला मात्र ही तिन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असतील असं वाटत नाही.

ट्रस्टी मी होणार हे सगळ्यांनी गृहीत धरलंय. भावाच्या पश्चात जे उरेल ते माझ्या मुलांना. वकिलांनी ३८ पानांचा मसुदा दिलाय, त्यातली सहा मला कळली. अनुभव असेल त्यांनी कृपया लिहा.

उंटावरचा_शहाणा:

सहा कळली म्हणजे पुष्कळ झालं. मला ट्रस्ट म्हटलं की देणगीची पावतीच आठवते. हा तोच का? धर्मादाय आयुक्तांकडे जावं लागतं का?

जुना_कारकून:

@उंटावरचा_शहाणा, नाही. तो सार्वजनिक ट्रस्ट. शेवंतीताई म्हणतायत तो खासगी, ठरावीक माणसांच्या फायद्याचा. त्याला भारतात १८८२ चा कायदा लागू होतो. दोन्हींना एकच शब्द वापरल्यामुळे निम्मा घोटाळा तिथेच होतो.

मी वकिलांच्या कचेरीत ३१ वर्षं काढली. वकील नाही, पण वकिलांनी लिहिलेलं टाइप करून करून थोडं डोक्यात शिरलंय.

कल्पना अशी आहे. मालकीचे दोन तुकडे करायचे. कागदावर मालक एक, उपभोग घेणारा दुसरा. कागदावरचा मालक म्हणजे ट्रस्टी. त्याच्या नावावर सगळं असतं, पण त्यातली दमडीही त्याची नसते. मध्ययुगात इंग्लंडमध्ये लोक जमीन विश्वासू मित्रांच्या नावावर करून ठेवायचे, बायकामुलांसाठी सांभाळ म्हणून. फ्रान्सिस्कन साधूंना मालमत्ता बाळगायची मनाई होती, त्यांच्यासाठीही घरं अशीच दुसऱ्याच्या नावावर असत. काही मित्र पुढे फिरायचे. "नावावर माझ्या आहे, चालता हो." मग रडत चॅन्सेलरकडे, म्हणजे राजाच्या बड्या मंत्र्याकडे, जायचं, आणि तो त्या मित्राच्या सद्सद्विवेकाला हात घालायचा. ट्रस्टचा कायदा त्यातून उभा राहिला. जमीन वारसाकडे जाताना राजाला मिळणारे पैसे या वाटेने बुडायला लागले, म्हणून आठव्या हेन्रीने १५३६ मध्ये कायदा करून वाट बुजवायचा प्रयत्न केला. वकिलांनी कडेने दुसरी काढली. (वकिलांचं हे तेव्हापासून चालू आहे.)

आता मित्रांची तीन वाक्यं. पहिलं आणि तिसरं एकमेकांना मारतात. कुणी हात लावू नये असं वाटत असेल, तर तुमचाही हात सुटला पाहिजे. सर्गेई पुगाचेव नावाच्या रशियन बँकवाल्याने न्यूझीलंडच्या कायद्याखाली पाच ट्रस्ट केले होते आणि लंडनमधली घरं त्यात ठेवली होती. लाभार्थ्यांमध्ये स्वतः होता, आणि ट्रस्टींना काढायचा-नेमायचा अधिकारही स्वतःकडे. लंडनच्या हायकोर्टाने २०१७ मध्ये सांगितलं की, या माणसाने मालकी सोडलेलीच नाही. ज्यांचं तो देणं लागत होता, त्यांना रस्ता मोकळा.

पैसे मागणारे दारात आल्यावर घाईने केलेला ट्रस्टही टिकत नाही. तुमच्या बाबांचं तसं काही नसेल, पण मित्राच्या डोक्यात काय आहे ते विचारून घ्या.

पै_पै:

व्यवसायाने सीए. तिन्हींपैकी कराचं वाक्य माझ्या वाट्याचं.

ट्रस्टने कर नाहीसा होत नाही. फक्त कुणाच्या नावाने भरायचा ते ठरतं. बाबांनी ट्रस्ट मोडायचा अधिकार स्वतःकडे ठेवला तर भारतात उत्पन्न बाबांचंच धरतात, म्हणजे कराच्या दृष्टीने काही घडलंच नाही. अधिकार सोडला आणि एकाच लाभार्थ्याचा वाटा पक्का लिहिला, तर त्या लाभार्थ्याला जितका कर लागला असता तितका ट्रस्टीकडून घेतात. ‘कुणाला किती द्यायचं ते ट्रस्टी ठरवतील’ असं मोघम लिहिलं, तर सर्वसाधारणपणे सगळ्यात वरच्या दराने. याला काही अपवाद आहेत, त्यातला एक मृत्युपत्राने केलेल्या ट्रस्टचा, तुम्हाला उपयोगी पडू शकेल. मसुद्यात ‘डिस्क्रिशन’ (म्हणजे ट्रस्टींच्या मर्जीवर) हा शब्द कुठे कुठे आहे तेवढं शोधा आणि वकिलांना न लाजता विचारा.

घर आणि गाळा आहे म्हणजे नोंदणीकृत दस्त लागणार. मुद्रांक शुल्काचा आकडा सही करण्याआधी लेखी मागा, नंतर नको.

शंकासुर:

मला हा सगळा हौसेचा मामला वाटतो. हल्ली जो उठतो तो ट्रस्ट करतो. सरळ मृत्युपत्र करा, नॉमिनी भरा, विषय संपला. दोन पानं, दोन साक्षीदार. ३८ पानं कशाला?

जुना_कारकून:

@शंकासुर, दहापैकी आठ घरांना तुमचा सल्ला मी स्वतः देईन. फक्त नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शेअरच्या बाबतीतही हेच सांगितलं. नॉमिनी घेतो आणि वारसांसाठी सांभाळतो.

पण इथे अडचण वेगळी आहे. मृत्युपत्र मालमत्ता हातात देतं आणि बाजूला होतं. शेवंतीताईंच्या भावाच्या हातात ठेवींच्या पावत्या देऊन तो काय करणार? त्याला पुढची तीस-चाळीस वर्षं दर महिन्याला कुणीतरी लागणार आहे. ट्रस्ट खरा कामाचा कुठे, तर अशा ठिकाणी. लहान मुलं, उधळ्या मुलगा, दुसऱ्या लग्नाची बायको आणि पहिल्या लग्नाची मुलं, आणि असा भाऊ.

मधला रस्ताही आहे. मृत्युपत्रातच ट्रस्ट लिहायचा. बाबा आहेत तोवर सगळं त्यांचं, ते गेल्यावर ट्रस्ट सुरू. फायदा म्हणजे आज काही हलवावं लागत नाही. तोटा म्हणजे बाबा उद्या अंथरुणाला खिळले आणि सही करायच्या अवस्थेत राहिले नाहीत, तर त्या मधल्या काळाला मृत्युपत्र उपयोगाचं नाही.

शंकासुर:

उधळ्या मुलाचा मुद्दा मान्य. माझ्या घरातच आहे. (तो मीच, असं बायको म्हणते.)

हिरवा_कंदील:

आमच्या काकांची गोष्ट सांगतो.

काकांनी ट्रस्ट केला तेव्हा डीड (ट्रस्टचा दस्त) इतकं देखणं होतं की आलेल्या-गेलेल्याला दाखवायचे. जाड कागद, हिरवी फीत, प्रत्येक पानावर झोकदार सही. सुरुवातीला नाममात्र रक्कम घालून ट्रस्ट उभा केला आणि ‘पुढे वेळोवेळी मालमत्ता जमा करण्यात येईल’ असं कलम घातलं. काका गेले अकरा वर्षांनी. आम्ही फाइल उघडली तर ट्रस्टच्या खात्यात ती नाममात्र रक्कम आणि तिच्यावरचं व्याज. घर काकांच्या नावावर, ठेवी काकांच्या नावावर, शेअरसुद्धा. काहीच हलवलं नव्हतं. वेळोवेळी म्हणजे कधी, ते काकांनाच माहीत. तिजोरी बांधली, आत काही ठेवलंच नाही.

त्यात दोनपैकी एक ट्रस्टी आधीच वारला होता आणि त्याच्या जागी कोण, हे नीट लिहिलेलं नव्हतं. उरलेल्या ट्रस्टीच्या एकट्याच्या सहीवर बँक खातं चालू देईना. (कुठली बँक ते विचारू नका, पुन्हा तिथेच जायचंय.) काउंटरवरच्या मुलीने डीड उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाली, "सर, हे संस्थेचं आहे का? ठराव आणा." ठराव कुणी करायचा, तर दोघांनी. त्यातला एक फोटोत.

शेवंतीताई, तुमच्या मसुद्याच्या शेवटी परिशिष्ट असेल. ते आधी वाचा. त्यात घराचा, गाळ्याचा, प्रत्येक ठेवीचा उल्लेख नसेल तर पुढची पानं शोभेची.

सातासमुद्रापार:

हिरवा_कंदील यांनी लिहिलेलं जगभर घडतं. अमेरिकेत तर मालमत्ता ट्रस्टच्या नावावर करण्याला ‘फंडिंग’ असा वेगळा शब्दच आहे, कारण लोक तेच विसरतात.

अमेरिकेत अपंग मुलाला थेट वारसा देणं हा घातच ठरू शकतो. एसएसआय या गरजू अपंगांना मिळणाऱ्या सरकारी मदतीसाठी एकट्या माणसाकडची मोजण्याजोगी मालमत्ता २,००० डॉलरच्या वर चालत नाही. आजीने प्रेमाने पैसे ठेवले आणि नातवाची मदत बंद झाली, असं होतं. म्हणून ‘स्पेशल नीड्स ट्रस्ट’. पैसा ट्रस्टीकडे, सरकारी मदत चालू, वरचा खर्च ट्रस्टमधून. तुमच्याकडे भावाला काही मदत मिळत असेल तर तिच्या अटी बघून घ्या.

ब्रिटनमध्ये २००६ पासून बहुतेक कौटुंबिक ट्रस्टना दर दहा वर्षांनी मर्यादेवरच्या मालमत्तेवर जास्तीत जास्त ६ टक्के कर आहे. अपंग व्यक्तीसाठीच्या ट्रस्टना त्यातून सवलत मिळते. "ट्रस्ट म्हणजे करमाफी" म्हणणाऱ्या मित्रांना हे वाचून दाखवा.

जुना_कारकून:

आता मला जे टोचतंय ते लिहितो. शेवंतीताई, राग मानू नका.

तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये दोन वाक्यं एकापाठोपाठ आहेत. ट्रस्टी मी. भावाच्या पश्चात उरेल ते माझ्या मुलांना. याचा सरळ अर्थ, भावावर खर्च न झालेला प्रत्येक रुपया तुमच्या घरी येणार, आणि खर्च करायचा की नाही हे ठरवणार तुम्ही.

तुम्ही तसं वागाल असं मी म्हणत नाही. माणूस ओळखीचा नसताना असं म्हणणारा मी कोण? पण कायदा माणसाच्या चांगुलपणावर विसंबत नाही. १७२६ चा इंग्लंडमधला कीच विरुद्ध सँडफर्ड हा खटला आमचे साहेब नव्या पोरांना मुद्दाम सांगायचे. एका अल्पवयीन मुलासाठी बाजाराचा भाडेपट्टा एक ट्रस्टी सांभाळत होता. मुदत संपली. जमीनमालक म्हणाला, पोराच्या नावे पट्टा देणार नाही. म्हणून ट्रस्टीने तो स्वतःच्या नावाने घेतला. पोराला मिळणारच नव्हता, म्हणजे पोराचं नुकसान काय? न्यायाधीश म्हणाले, अख्ख्या जगात हा पट्टा घ्यायला बंदी असलेला माणूस एकच, तो म्हणजे ट्रस्टी. पट्टा आणि नफा पोराला द्या. लबाडी सिद्ध करायची गरजसुद्धा ठेवली नाही.

आणि मोठ्यांच्या घरी काय होतं ते ऑस्ट्रेलियात दिसलं. लँग हॅनकॉक या खाणमालकाने १९८८ मध्ये नातवंडांसाठी ट्रस्ट केला. ट्रस्टी मुलगी जीना राइनहार्ट, म्हणजे त्या नातवंडांची आई. धाकटी २५ वर्षांची झाली की, २०११ मध्ये, सगळं नातवंडांचं व्हायचं होतं. त्याच्या काही दिवस आधी आईने ही तारीख २०६८ वर नेली. मुलं कोर्टात गेली. २०१५ मध्ये कोर्टाने थोरल्या मुलीला ट्रस्टी नेमलं. तिथे पैशाला तोटा नव्हता हो.

उंटावरचा_शहाणा:

बाप रे. २०६८.

शेवंती:

खरं सांगते, जुनाकाका, दोन दिवस तुमचा राग आला. मी त्याचे डबे भरते, दवाखान्यात मी नेते, आणि मला हे ऐकवायचं? नवऱ्याला वाचून दाखवलं. तो गप्प बसला. मग म्हणाला, "तू नाही गं तसं करणार. पण तू साठीची होशील, तेव्हा आपल्या पोराचं घराचं कर्ज असेल. भावाला नवीन श्रवणयंत्र हवं की जुनं चालेल, हे त्या दिवशी तू कसं ठरवशील?"

भावाला खरंच श्रवणयंत्र आहे. डाव्या कानाला. आत्ताच सांगते, मागच्या वर्षी ते बदलायचं होतं आणि आम्ही ‘चालतंय की’ म्हणून ढकललं. पैसे बाबांचेच होते.

तर मग ट्रस्टी कोण? परका नेमला तर त्याला भाऊ कळणार नाही. मी असले तर हा हितसंबंधाचा प्रश्न.

पै_पै:

दोघं असा. तुम्ही आणि एक बाहेरचा, ज्याला या मालमत्तेतून कधीच काही मिळणार नाही. १८८२ च्या कायद्याने एकाहून अधिक ट्रस्टी असतील तर साधारणपणे सगळ्यांनी मिळून निर्णय घ्यायचे असतात, डीडमध्ये वेगळं लिहिलं नसेल तर. म्हणजे एकट्याची सही पुरत नाही. हाच वचक. पण लहानसहान खर्चासाठी अमुक रकमेपर्यंत एकाची सही चालेल असं लिहून घ्या, नाहीतर श्रवणयंत्राच्या सेललासुद्धा दोघांच्या सह्या.

बाहेरच्या माणसाला मेहनताना देणार असाल तर तेही डीडमध्ये हवं. लिहिलं नसेल तर ट्रस्टीला मोबदला मागता येत नाही. फुकट काम करणारा माणूस दोन वर्षं उत्साहाने करतो. माझा अनुभव. आणि ट्रस्टीपद एकदा स्वीकारलं की मनात आलं म्हणून सोडता येत नाही, हे त्याला आधी सांगा. डीडमध्ये सोय हवी, नाहीतर लाभार्थ्याची संमती किंवा कोर्टाची परवानगी. तुमच्या बाबतीत लाभार्थी संमती देऊ शकत नाही. म्हणजे कोर्ट.

हिरवा_कंदील:

आणि त्याच्यानंतर कोण, त्याच्यानंतर कोण, अशी रांग लिहा. आमच्या काकांचा तो फोटोतला ट्रस्टी डोळ्यासमोर ठेवा.

सातासमुद्रापार:

हिशेब दरवर्षी तिसऱ्या कुणाला तरी दाखवायची अट घाला. न्यूझीलंडच्या २०१९ च्या कायद्यात ट्रस्टींनी लाभार्थ्यांना मूलभूत माहिती द्यावी असंच गृहीत धरलंय, कारण हक्क आहे हे माहीत नसलेला माणूस विचारणार काय? तुमचा भाऊ विचारू शकणार नाही. त्याच्या वतीने विचारणारा कुणीतरी हवा, मग तो मामा असो की आतेभाऊ.

जुना_कारकून:

बरोबर. आणि एक राहिलं. ट्रस्टी पैशाचा. माणसाचा पालक वेगळा. भाऊ वयाने सज्ञान आहे, त्यामुळे बाबांनंतर त्याच्या वतीने उपचारांना संमती देणारा आपोआप कुणी होत नाही. भारतात १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली स्थानिक समितीकडे अर्ज करून १८ वर्षांवरच्या अशा व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमता येतो. नावात ट्रस्ट असलं तरी तो तुमचा ट्रस्ट नव्हे, पुन्हा गोंधळ नको. पालक तुम्ही व्हा. तिथे डबे भरणारीच हवी.

शेवंती:

तीन आठवड्यांनी येतेय, माफ करा.

परिशिष्ट उघडलं. घर होतं, शेअर होते. गाळा नव्हता. वकील म्हणाले, "राहून गेलं." भाड्याचं उत्पन्न त्याच गाळ्याचं आहे, महिन्याचा खर्च त्यावरच चालायचाय. आता घातलाय. डिस्क्रिशन हा शब्द चौदा ठिकाणी निघाला. त्यातले अकरा काढले, औषधोपचार आणि राहण्याच्या जागेबाबतचे तीन ठेवले. त्यांचा कराला काय फरक पडतो ते बाबांचे सीए बघतायत.

घर मात्र बाबांनी आत्ता द्यायला नकार दिला. "माझ्या घरात मी पाहुणा होणार नाही." मी वाद घातला नाही. घर मृत्युपत्रातून जाईल, ठेवी आणि गाळा आत्ता. हात सोडणं म्हणजे काय, हे त्यांना पहिल्यांदा तेव्हा कळलं, असं मला वाटलं. मित्रांचं नाव आता निघत नाही.

ट्रस्टी मी आणि बाबांचा जुना विद्यार्थी, हिशेबतपासनीस आहे. मेहनताना लिहिलाय. त्याने आधी हो म्हणायला चार दिवस घेतले, त्यामुळे मला तो जास्त आवडला. हिशेब दर एप्रिलमध्ये मामेभावाकडे. पालकत्वाचा अर्ज दिलाय. उरलेल्या रकमेपैकी निम्मी माझ्या मुलांना, निम्मी भाऊ जिथे दिवसा जातो त्या कार्यशाळेला. हे मीच सुचवलं.

शंकासुर:

मानलं ताई. ते ट्रस्टींसाठी वेगळं पत्र लिहितात म्हणे, कायद्याने बंधनकारक नसतं पण इच्छा कळतात. ते केलं का?

शेवंती:

हो, वकिलांनीच सांगितलं. मला वाटलं बाबा गुंतवणुकीबद्दल लिहितील. दोन रात्री बसून लिहिलं, हातानेच. दीड पान आहे. पैशाबद्दल एकच ओळ आहे, शेअर घाईने विकू नका म्हणून. बाकी सगळं असं:

"पंखा तीनच्या वर लावू नये, घाबरतो. दाढी करताना बोलत राहावे. नवीन माणूस आल्यास पहिल्या दिवशी हात मिळवू नये, दुसऱ्या दिवशी तो आपणहून देतो. श्रवणयंत्राचा सेल दर आठवड्याला बदलावा, तो सांगणार नाही. घड्याळ बंद पडल्यास दुरुस्त करावे, विजेवरचे नवीन आणू नये. किल्ली देता आली पाहिजे."